धर्मप्रसार? गायला बसा, मग बोला

मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे गाण्याचे मेळे म्हणजे चर्चने टाकलेलं गोड जाळं, हा लेखातला सूर अर्धाच पटला. आम्ही दोन वर्षं व्हर्जिनियात होतो. शेजारच्या आजींनी एका रविवारी दुपारी ओढून नेलं. तिथे श्रोते नव्हतेच! पुस्तक हातात दिलं आणि विचारलं एवढंच, आवाज वरचा की खालचा?

ते पुस्तक म्हणजे जोसेफ फंक यांनी 1832 साली तिथल्याच शेनान्डोआ खोऱ्यात काढलेला भजनसंग्रह. 1851पासून त्यात सात स्वरांच्या छापील खुणांना सात आकार आहेत : फा त्रिकोणी, सोल गोल, ला चौकोनी. शब्दांआधी नुसते स्वर म्हणायचे. मला तर गाण्याच्या क्लासातली सरगमच आठवली. फरक इतकाच की आपण सगळे एकाच सुरात म्हणायचो, इथे वरच्या-खालच्या आवाजांच्या चार वेगळ्या ओळी एकदम चालतात. पेटी नाही, ऑर्गन नाही. मी दोनदा भरकटले, बाजूच्या काकांनी बोटाने ओळ दाखवली.

नंतर जेवण. ‘पाय’ (भाजलेला गोड पदार्थ) खाताना कुणीही माझा धर्म विचारला नाही. आमंत्रण मात्र पुढच्या रविवारचं होतं, हे कबूल करते, तेवढा लेखकाचा मुद्दा खरा.

आणखी एक गंमत. मेनोनाइटांच्या 1969च्या भजनसंग्रहात 606 क्रमांकाचं एक स्तोत्र होतं. पुढे पुस्तकं बदलली, क्रमांकही बदलला, पण कुणी नुसतं ‘सहाशे सहा’ म्हटलं की अख्खी खोली पुस्तक न उघडता उभी राहते.