नोटीस येईपर्यंत टिकणारा डेटा

मागच्या महिन्यात २०१८-१९ सालाची जीएसटीची नोटीस आली. आली म्हणजे कधीचीच येऊन पडली होती, पोर्टलवरच्या त्या दुसऱ्या टॅबमध्ये. तुम्हाला माहीतच आहे. सीए साहेबांचा फोन आला तेव्हा उत्तराला सहा दिवस उरले होते. ज्या व्यापाऱ्याकडून आम्ही त्या वर्षी पत्रा आणि अँगल घेतला, त्याचं रजिस्ट्रेशन मागाहून रद्द झालं. तेव्हा माल खरंच आला होता हे सिद्ध करा: बिल, बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती), वजनकाट्याची पावती, गेटची नोंद, पैसे दिल्याचा पुरावा.

माल आला होता. त्याचे नांगर झाले, ते नांगर परतूर-मंठ्याच्या रानात आजही चालत असतील. पण नांगर दाखवून क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही.

तेव्हापासून जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत माझी डेटा-तज्ज्ञ म्हणून ख्याती झालीय. टपरीवर लोक थांबवून विचारतात, "शेठ, जुना डेटा ठेवायला कोणती सिस्टीम घ्यावं?" प्रत्येकाला चहा पाजून सांगणं परवडत नाही. म्हणून एकदाच लिहून टाकतो. जपून ठेवा. कुठं ठेवायचं तेही सांगतो.

सगळ्यात आधी, किती वर्षं ठेवायचा हे कुणाला विचारूच नका. विचारलं की कुणीतरी सीजीएसटीचं, म्हणजे केंद्रीय जीएसटी कायद्याचं, कलम ३६ दाखवतो. त्यात ७२ महिने लिहिलेत, आणि ते मोजायचे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून. २०१८-१९ ची मुदत ढकलत ढकलत ३१ डिसेंबर २०२० वर गेली होती, म्हणजे ते कागद डिसेंबर २०२६ पर्यंत सांभाळायचे. अपील चालू असलं तर निकालानंतर आणखी एक वर्ष. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर कंपनी कायद्याचं कलम १२८, आठ आर्थिक वर्षं. असले हिशेब डोक्यात शिरले की दिवाळीची सफाई मोकळ्या मनानं करता येत नाही. आमच्या त्या वर्षीच्या बिल्ट्या २०२२ च्या दिवाळीत रद्दीत गेल्या. दोन पोती. घर कसं लख्ख दिसत होतं.

काट्याच्या पावत्या मात्र मी टाकल्या नव्हत्या, बरं का. वेगळ्या फाइलमध्ये, प्लास्टिकच्या पाकिटात, तारखेप्रमाणे लावल्या होत्या. परवा फाइल उघडली. एकशे चाळीस पांढऱ्या पट्ट्या. एकेक पट्टी उन्हात तिरकी धरून बघितली, तेव्हा एकीवर "एमएच २१" एवढं दिसलं, पुढचा नंबर नाही. थर्मल कागदावर शाई नसतेच, उष्णतेनं काळा पडणारा थर असतो, आणि तो प्लास्टिकच्या पाकिटात आणखी लवकर उडतो. तर तुम्हीही पावत्या प्लास्टिकमध्येच ठेवा. झेरॉक्स काढू नका, स्कॅन तर मुळीच नको.

बॅकअप (चालू कामाची जादा प्रत) आणि अर्काइव्ह (जुनं वर्षानुवर्षं जपलेलं) एकच समजा.

गेटवरच्या नोंदींसाठी व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप पुरतो. वॉचमननं फोन बदलला की विषय संपला.

आता यंत्रसामग्री. एक हार्डडिस्क घ्यावी. एकच. दुसरी घेतली तर पहिलीचा अपमान होतो. तिच्यावर बॉलपेननं "जुना सगळा" असं लिहून ती तिजोरीत ठेवावी आणि दर लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू वाहावं. आमची डिस्क तशीच होती. सात वर्षं पूजा झाली, पण एकदाही कॉम्प्युटरला लावली नाही. लावली ती नोटिशीनंतर. तिच्या कडेच्या खाचेत कुंकू बसलं होतं, ते पोरानं ब्रशनं काढलं. वायर जोडली. कट्. मग थोडं थांबून कट्, कट्. अकाउंटचा पोरगा म्हणाला, "शेठ, हे काहीच दाखवंना गेलंय." मी म्हणालो, काढून परत लाव. कट्.

हलणारा भाग नको म्हणून एसएसडी, म्हणजे चिपवाली डिस्क, घेणारेही शहाणे आहेत. तिच्यात डेटा म्हणजे साठवलेला विद्युतभार असतो. वीज न देता ठेवली की तो हळूहळू गळतो, गरमीत जास्तच. वापरून झिजलेल्या साध्या एसएसडीनं ३० अंशांत, विजेशिवाय, एक वर्ष डेटा धरावा, एवढीच तिच्या मानकाची अपेक्षा आहे. आपल्याकडे मे महिन्यात ३० अंश सकाळीच असतात. पत्र्याच्या छताखालच्या लोखंडी कपाटात किती असतात ते हात लावून बघा.

टेपचं नाव काढलं की लोक कॅसेट समजून हसतात, पण मोठ्या बँका आणि डेटा सेंटर आजही एलटीओ नावाच्या चुंबकीय टेपवर विसंबून आहेत. एलटीओ-९ च्या एका टेपवर १८ टीबी, म्हणजे १८ हजार जीबी, मावतं, आणि टेपचं आयुष्य तीस वर्षं सांगतात. गंमत वाचणाऱ्या यंत्राची आहे. एलटीओ-८ किंवा एलटीओ-९ चं यंत्र स्वतःच्या आणि मागच्या एकाच पिढीची टेप वाचतं. म्हणजे टेप तीस वर्षं जगेल, यंत्र त्याआधीच भंगारात जाईल. माझ्यासारख्याची आठ वर्षांची सगळी बिलं मिळून ६० जीबी भरत नाहीत. आपल्याला टेप नको. तरी चार लोकांत सांगायला बरी असते.

क्लाउड घेताना फक्त ठेवण्याचा भाव विचारा, काढण्याचा नको. थंड साठवणीत (क्वचितच लागणाऱ्या डेटाच्या स्वस्त गोदामात) माल टाकायला पैसे जवळपास लागत नाहीत, काढायला लागतात. वर तो लगेच मिळतही नाही. अ‍ॅमेझॉनच्या सगळ्यात स्वस्त डीप अर्काइव्हमध्ये साध्या मागणीला बारा तासांपर्यंत वाट बघावी लागते आणि १८० दिवसांच्या आत डिलीट केलं तरी १८० दिवसांचे पैसे जातात. हे त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलंय. लिहिलेलं वाचायचं नाही, हा आपला बाणा.

आणि आता मुख्य सल्ला. सॉफ्टवेअर घ्यावं ते "लाइफटाइम" म्हणणाऱ्याकडूनच.

आमच्याकडे असाच एकजण आला होता. टाय, लॅपटॉप, चकचकीत माहितीपत्रक. हॉटेलात आम्हा वीस-पंचवीस उद्योजकांना जेवण दिलं, गुलाबजाम सकट. पडद्यावर दाखवलं: बिल स्कॅन करा, इथं टाका, नाव लिहा, दोन सेकंदात समोर. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. मी हात वर करून प्रश्नसुद्धा विचारला. कोणता विचारला असेल? "डिस्काउंट किती देता?" पंधरा टक्के दिला. मी खूश. माझ्या पोरीनं सहा महिने बसून २०१७ पासूनची बिलं स्कॅन केली, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, आणि मूळ कागद आता कशाला हवेत म्हणून ती दोन पोती रद्दीत गेली. हो, तीच ती लख्ख दिवाळी!

त्या सॉफ्टवेअरनं प्रत्येक बिल स्वतःच्या डबीत कोंबलं होतं. पीडीएफ नाही, जेपीजी नाही, चाळीस जीबीची एकच फाइल, तिला फक्त तेच सॉफ्टवेअर उघडणार, आणि ते उघडण्याआधी दर वेळी त्यांच्या सर्व्हरला विचारणार, ह्याचं लायसन आहे का? सर्व्हर गेल्या वर्षी बंद पडला. फोन लावला, "आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही." ऑफिसवर गेलो, तिथं मोबाइल कव्हरचं दुकान. फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघितली. चौकोन, प्रश्नचिन्हं, मध्येच एक आर. माझी बिलं आहेत त्यात! मी पैसे भरलेत, माझ्या पोरीनं स्कॅन केलीत, माझ्याच कॉम्प्युटरवर पडलीत, आणि मला दिसत नाहीत. लाइफटाइम म्हणे. कुणाचा लाइफटाइम ते विचारायचं राहिलं ना!

२०२३ पासून मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी सरकारी समितीनं निजामकाळातली दप्तरं उघडली. उर्दू, फारसी, मोडी. वाचणारे शोधावे लागले, पण मिळाले आणि नोंदी निघाल्या. १९५४ ची खासरा पाहणी (जमिनीची जुनी नोंद) दाखवून आजही लोक कोर्टात भांडतात. ज्या निजामाचं राज्य १९४८ ला गेलं त्याचा कागद वाचता येतो, आणि २०२१ साली मी पंधरा टक्के डिस्काउंटनं केलेला डेटा वाचणारा पृथ्वीवर कुणी नाही.

पासवर्ड फक्त मुनीमजींना माहीत असावा. महानुभावांनीही पोथ्या सकळ या सांकेतिक लिपीत लिहून ठेवल्या, पण वाचायची किल्ली पंथात एकानं दुसऱ्याला दिली. आमचे मुनीमजी ती वैकुंठाला घेऊन गेले.

बस झाला आता सल्ला. मला हे हसत लिहायला जमत नाही.

अरे, पंचेचाळीस लाखांचं लेझर कटिंग मशीन घेताना तुम्ही बँकेच्या दारात चपला झिजवता, आणि दुसऱ्या डिस्कचे पाच हजार म्हटले की तोंड वाकडं करता! तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावात. हे पोराटोरांना ठाऊक असलेलं सूत्र आहे. डिस्क मरतात. मरणारच. म्हणूनच तीन प्रती लागतात. बिल पीडीएफ-ए मध्ये, म्हणजे जपून ठेवायच्या पीडीएफमध्ये, ठेवा. ते प्रमाण २००५ पासून आहे, कुणा कंपनीच्या मालकीचं नाही. हिशेब सीएसव्हीत, म्हणजे कुठंही उघडणाऱ्या साध्या मजकुराच्या तक्त्यात, काढून ठेवा. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) लिहून ठेवा म्हणजे आत काही सडलं तर कळेल. विकायला आलेल्याला गुलाबजाम खायच्या आधी विचारा: तू उद्या मेलास तर माझा माल बाहेर कसा निघणार? समोर काढून दाखव. त्याला जमलं नाही तर जेवून घरी या. आणि वर्षातून एकदा, मार्च संपला की, जुन्यातलं कोणतंही एक बिल नाव सांगून मागा. दहा मिनिटांत समोर आलं नाही तर तुमच्याकडे अर्काइव्ह नाही, भंगार आहे. हे काम कुणाचं ते एका माणसाच्या नावावर लिहा. "भाचा बघतो" म्हणू नका. मी तेच म्हणत होतो. भाचा पुण्यात आहे.

उत्तराला मुदत वाढवून घेतली. बँकेची स्टेटमेंटं मिळाली. बिल्ट्यांसाठी ट्रान्सपोर्टवाल्याकडे गेलो, जुन्या मोंढ्यात, आशा नव्हतीच. त्याच्या म्हाताऱ्या दिवाणजींनी कोणतं साल, कोणता महिना एवढंच विचारलं आणि माळ्यावर पोरगं चढवलं. लाल फडक्यातलं एक गाठोडं खाली आलं, उंदरांच्या वासाचं. चहा येईपर्यंत त्यांनी आठ कार्बन कॉप्या काढून पुढ्यात ठेवल्या. गाडी नंबर, वजन, आमच्या वॉचमनची सही. "आणखी लागतील का?" म्हणाले.

कर, १८ टक्के व्याज आणि करा‌एवढाच दंड डोक्यावर आहे, आणि सोमवारच्या सुनावणीला माझ्या हातात ती आठ पानं आहेत, तीही दुसऱ्याची. तुमच्या तिजोरीतली डिस्क आज लावून बघा. कट् असा आवाज आला तर मला फोन करू नका. मी सोमवारपर्यंत कामात आहे.