मित्राकडे राहा, पण निराधार राहा

तुम्ही दिव्यांग आहात, एकटे आहात, आणि शाळेतला जुना मित्र म्हणाला, "घरात एकलोच आसंय, तू हयच रव." अभिनंदन! आता सगळ्यात आधी त्याला नाही म्हणा. ते जमत नसेल तर पुढचं नीट वाचा. मला जमलं नाही. त्याच्या न्हाणीला पायरी नाही आणि मागच्या दारी खाडीचा वारा येतो, एवढ्यावर मी पाघळलो.

दिव्यांगांचं अनुदान येतं ते संजय गांधी निराधार योजनेतून. योजना १९८० पासूनची. रक्कम बरीच वर्षं रडतखडत चालली होती. २०२५ च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाने दिव्यांगांसाठी ती महिना दीड हजारावरून अडीच हजार केली. त्यासाठी अपंगत्व किमान ४० टक्के हवं. ते डॉक्टर मोजतात आणि यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रावर, छापून येतं. निराधारपण मात्र टक्क्यांत मोजायची सोय नाही, ते बघणाऱ्याच्या नजरेवर सोडलेलं आहे. आणि पैसे खात्यात यायचे तर आधार लागतं. निराधाराला आधार सक्तीचं, हा विनोद माझा नव्हे. बँकेच्या रांगेत दर महिन्याला कोणीतरी तो करतो आणि दर महिन्याला कोणीतरी नव्याने हसतो.

आता मित्राचं बघू. दिव्यांगाच्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५० हजारांच्या आत हवं, म्हणजे दिवसाला १३७ रुपये. मित्र काही कुटुंब नव्हे. त्याच्या काजू-आंब्याच्या पैशाशी तुमचा काडीचा संबंध नाही. पण एवढ्या भरवशावर पाय पसरून झोपू नका. उत्पन्नाच्या दाखल्यावर सही वर होते, त्याआधी तलाठी चौकशीला येतात. कागदावर ते आता ग्राम महसूल अधिकारी झाले, गावात तलाठीच. आणि चौकशी म्हणजे खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उभं राहून घरात टाकलेली एक नजर.

माझ्याकडे ती नजर दुपारी साडेबाराला पडली. चुलीवर बांगड्याचं तिखलं रटरटत होतं, तिरफळांचा वास पार बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, गेलेला, आणि पाटांपुढे दोन ताटं मांडलेली.

"जेवान कोण करता?"

"ह्योच," मी म्हटलं.

"आणि बाजार?"

"ह्योच हाडता."

"मगे तुका खर्च कित्याचो?"

उत्तर सुचलं नाही. तिखल्याची चव चुकली असती तर बहुधा वाचलो असतो. अहवालात एक ओळ आली: 'मित्राकडे राहतो, जेवणखाण मित्र करतो.' त्या ओळीने मी निराधाराचा साधार झालो आणि अनुदान तीन महिने लटकलं. तेव्हा माझ्या अनुभवावरून सांगतो, दुसरं ताट कायम फडताळात असू द्या. वर्दी लागली की एकाने उपाशी बसावं. दिव्यांगाने बसलं तर अधिक चांगलं दिसतं.

खरा उपाय म्हणजे वेगळी चूल. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले की आधी चूल वेगळी होते, वाटणीचे कागद मागून वर्षानुवर्षं फिरत राहतात. सरकारलाही हीच भाषा कळते. पडवीच्या कोपऱ्यात एक स्टोव्ह मांडा. पेटवायचा नाही, पण कोरा करकरीतही दिसता कामा नये. मित्राच्या चुलीतली काजळी बोटाने फासा, वर एक चेपलेलं पातेलं ठेवा, शेजारी दोन कांदे. कांदे दर आठवड्याला बदलायचे. आमचे बदलायचे राहिले, त्यांना कोंब फुटले, आणि पाहणाऱ्याने नेमके कोंब पाहिले.

मित्राच्या शिधापत्रिकेत नाव घालायचा मोह होईल. प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो धान्य मिळतं. मिळू द्या. त्या ५ किलोबरोबर मित्राचं उत्पन्नही तुमच्या नावाला चिकटायचं.

मग भाडं द्यावं का? भाडं दिलंत तर पैसे कुठून आले? नाही दिलंत तर मित्र पोसतो. मी मधला मार्ग काढला: महिन्याला पाचशे, पावतीसकट. पावतीपुस्तक त्याच्यापुढे ठेवलं तेव्हा तो सुपारी कातरत होता. अडकित्ता थांबला. "मेल्या, माझ्याकडे भाड्यान रवतलंस?" एवढंच म्हणाला. दोन दिवस बोलला नाही, पण ताट वेळेवर येत होतं. तिसऱ्या दिवशी त्याने सही केली आणि पाचशेची नोट माझ्या उशाखाली सरकवली. आता तीच नोट दर महिन्याला इकडून तिकडे जाते. मऊ पडली आहे अगदी.

हे आपल्याकडेच असं समजू नका. अमेरिकेत एसएसआय नावाचा असाच भत्ता आहे. तिथे दुसऱ्याच्या घरात महिनाभर राहिलात आणि छप्पर व सगळी जेवणं त्या घरातून फुकट मिळाली, तर मूळ रकमेतला एक तृतीयांश कापतात. खर्चातला आपला वाटा भरलात तर ही कापाकापी टळते. म्हणजे ताटं तेही मोजतात. फक्त त्यांचा भागाकार छापील आहे, आमचा खळ्यात उभं राहून तोंडी होतो.

भाद्रपदात मात्र चौकशी येऊ देऊच नका. गणपतीला मित्राचे चाकरमानी मुंबईहून उतरतात आणि पडवीत सतरा जोड चपला होतात. एवढ्या चपलांच्या गर्दीत एक कुबडी निराधार म्हणून खपवणं कठीण.

राहता राहिला हयातीचा दाखला. जिवंत आहोत हे दर वर्षी दाखवावं लागतं. तालुक्याला मित्राच्या स्कूटरवरून जा, पण फाटकापर्यंत नको. गेल्या खेपेला खिडकीतून प्रश्न आला होता, "कोणी सोडलं तुम्हाला?" म्हणून यंदा एसटी स्टँडपाशीच उतरलो. पुढचं अंतर कुबडीवर, भर उन्हात, जमेल तेवढा लंगडत. मित्र वडाखाली हेल्मेट न काढता थांबला. शिपाई फाटकात उभा दिसला, म्हणून मी मित्रालाच मोठ्याने विचारलं, "काका, तहसील कचेरी खंय?"

"सरळ जावा," तो म्हणाला. माझी भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी त्याच्या हँडलला पिशवीत लटकत होती.