वांग, लाल लाइट आणि सात रंगांचा मुखवटा

चेहऱ्यावर वांग असेल तर सात रंगांचा लाइटवाला मुखवटा घेऊ नका. पोस्ट लांब आहे, म्हणून कामाचं आधीच सांगून टाकलं. कारण पाहिजे असेल त्यांनी पुढे वाचा.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं पार्लर आहे. अंगणवाडीताई, शिक्षिका, बचत गटाच्या बाया, लग्नसराईत नवऱ्या आणि वेचणीचे पैसे हातात पडले की आयब्रो करायला येणाऱ्या पोरी, हे माझं गिऱ्हाईक. हल्ली सगळ्यांच्या मोबाइलवर तेच रील फिरतं. पांढरा मुखवटा, आतून लाल उजेड, बाई सोफ्यावर निवांत पडलेली. आणि मग खुर्चीत बसल्या बसल्या प्रश्न येतो, "वं ताई, हे लावलं तं वांग जाते काय वं?"

नाही जात, माय.

लाल लाइट थोतांड आहे असं मात्र मी म्हणणार नाही. 1967 साली हंगेरीत बुडापेस्टला एंद्रे मेस्तर नावाचे डॉक्टर उंदरांवर कमी ताकदीचा लाल लेसर टाकून पाहत होते. त्याने कॅन्सर होतो का, हे त्यांना तपासायचं होतं. कॅन्सर झाला नाही, पण अंगावरचे जे केस भादरले होते ते लवकर उगवले. तिथून हा विषय सुरू झाला. पुढे नासाने रोपं वाढवायला बनवलेले एलईडी जखमा भरायला वापरून पाहिले गेले. आपल्या पेशींत ऊर्जा तयार करणारे बारके भाग असतात, मायटोकॉन्ड्रिया, त्यांतलं एक एन्झाइम हा उजेड शोषून घेतं आणि पेशीला जास्त ऊर्जा मिळते, असं शास्त्रज्ञ मानतात. 2014 साली जर्मनीतला एक अभ्यास छापून आला. त्यात 136 लोक होते, आठवड्यातून दोनदा असे एकूण 30 वेळा लाइट घेतले. बारीक रेषा, खरखरीतपणा आणि त्वचेतलं कोलॅजन (कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन) यांत फरक दिसला. म्हणजे हे काम करतं, पण हळू करतं, आणि करतं ते बारीक रेषांवर. खोल सुरकुत्या पुसत नाही. रंग उजळवत नाही. दोन-तीन महिने नेमाने लावल्याशिवाय काही दिसत नाही आणि सोडून दिलं की आलेला फरक हळूहळू ओसरतो.

आता आपल्या बायांकडे पाहा. बारीक रेषांची तक्रार घेऊन माझ्याकडे कोण येतं? ज्या येतात त्या गालावरच्या, नाकावरच्या, वरच्या ओठावरच्या तपकिरी डागांसाठी येतात. ऑक्टोबर ते जानेवारी दिवसभर कपाशीत, उन्हाळ्यात पारा 45 च्या वर, घरी आलं की चुलीची धग. त्यात बाळंतपण, पाळणा लांबवायच्या गोळ्या. वांग यायला आणखी काय पाहिजे? ऊन, हार्मोन आणि उष्णता ही त्याची तिन्ही कारणं एकाच बाईच्या नशिबी येतात.

आणि सात रंगांच्या मुखवट्याची गोम इथेच आहे. त्यातला एक रंग निळा असतो. निळा लाइट पिंपल्ससाठी आहे, साधारण 415 नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे उजेडाच्या लहरीचं माप, त्यावरून रंग ठरतो), त्याने पिंपल्सचे जंतू मरतात, हे खरं. पण त्याच 415 च्या उजेडाने सावळ्या कातडीवर काळेपणा येतो आणि बराच काळ टिकतो, हे तपासून पाहिलेलं आहे. त्याच तपासणीत 630 च्या लाल उजेडाने तसं झालं नाही. म्हणजे लाल बिचारा गरीब आहे, खोडी निळ्याची. पण स्वस्तातल्या मुखवट्यात बटण दाबत गेलं की एकामागून एक रंग येतात आणि बाई हौसेने सातही लावते. हिरवा डागांसाठी, जांभळा अमक्यासाठी, पिवळा तमक्यासाठी असा जो तक्ता डब्यावर छापतात, त्यातल्या बहुतेक रंगांमागे दम नाही.

मध्यंतरी एक एजंट मशीन घेऊन पार्लरमध्ये आला होता. "मॅडम, गोरेपणाची मशीन आहे. एका सिटिंगचे पाचशे घ्या, दोन महिन्यांत पैसे वसूल." मी विचारलं, लाल लाइट किती नॅनोमीटरचा? म्हणे, "हाय क्वालिटी लाइट आहे मॅडम." डबा उलटापालटा करून पाहिला. गोऱ्या बाईचा फोटो, सात रंगांचा तक्ता, आकडा एकही नाही. चहा पाजला आणि परत पाठवला. गोरं करतो म्हणणाऱ्या कोणत्याही वस्तूला आता मी दारात उभं करत नाही. 2023 मध्ये आपल्या अकोल्याची बातमी आली होती, एका घरातल्या मायलेकींच्या किडन्या क्रीममधल्या पाऱ्याने बिघडल्या. क्रीम ब्युटिशियनकडून घेतलेलं होतं. ते वाचल्यापासून माझ्या कपाटातली बिनलेबलाची प्रत्येक डबी गेली.

तरीही कोणाला रेषांसाठीच घ्यायचा असेल, पैसे असतील, नेम पाळायची तयारी असेल, तर खुशाल घ्या. फक्त डब्यावरचे आकडे वाचा. लाल 630 ते 660 नॅनोमीटर, आणि सोबत इन्फ्रारेड असेल तर साधारण 830 किंवा 850. दुसरा आकडा ताकदीचा, दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिवॅट. ताकद गुणिले सेकंद, भागिले 1000, की डोस निघतो, दर चौरस सेंटिमीटरला किती ज्यूल. 30 मिलिवॅटचा मुखवटा दहा मिनिटं लावला तर 18 ज्यूल. हा आकडाच जो सांगत नाही, तो काय विकतो आहे हे त्याला तरी माहीत आहे का? मुखवट्याऐवजी समोर उभं करायचं लाइटचं पॅनल घेत असाल तर किती अंतरावरची ताकद तेही विचारा, कारण चेहरा लांब गेला की ताकद घटते.

लवकर फरक पडावा म्हणून दहाची वीस मिनिटं करू नका. युरिया दुप्पट टाकला म्हणून कापूस दुप्पट निघत नाही. या लाइटचंही तसंच आहे, एका हद्दीनंतर फायदा उलटा कमी होतो. शिवाय सावळी कातडी लाल उजेड गोऱ्या कातडीपेक्षा कमी सोसते. अमेरिकेतल्या चाचण्यांत गोऱ्यांना 480 ज्यूलपर्यंत चाललं, सावळ्यांना 320 पर्यंत. घरचा मुखवटा याच्या आसपासही जात नाही, पण गोऱ्या बाईचं रील पाहून तिचा वेळ आपल्याला लावायचा नाही.

इन्फ्रारेड डोळ्यांना जवळपास दिसत नाही, त्यामुळे फसवायला सोपं. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा त्या बारक्या दिव्यांसमोर धरा. टीव्हीच्या रिमोटचा दिवा कॅमेऱ्यात जांभळट चमकतो, तसं बहुतेक फोनमध्ये दिसतं. एकदा गिऱ्हाइकाने आणलेल्या मुखवट्यावर हे करून पाहिलं. डब्यावर ठळक अक्षरात इन्फ्रारेड, आणि रिमोट चमकणाऱ्या त्याच फोनमध्ये मुखवट्याचा अर्धा भाग ठार काळा.

फिजिओथेरपीवाल्याकडे कंबर शेकायला जो लाल बल्ब असतो तो हा नव्हे. तो उष्णता देतो. तो चेहऱ्यावर घेतला तर वांग वाढेल. एका ताईंनी घेतला होता, म्हणून लिहिते.

डोळ्यांचं पण सांभाळा. 2019 मध्ये एका मोठ्या कंपनीने आपला निळा-लाल मुखवटा डोळ्यांच्या काळजीपोटी बाजारातून परत घेतला होता. पडद्याचा आजार असेल, शुगरने डोळ्यांवर परिणाम झाला असेल, किंवा डॉक्सीसायक्लीनसारखी उन्हाला हळवं करणारी गोळी सुरू असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नका. मुखवटा मे महिन्यात टिनाच्या खोलीत ठेवू नका, आत बहुधा लिथियमची बॅटरी असते.

बाकी वांगासाठी पैसे कुठे घालायचे? आधी रंगीत सनस्क्रीनमध्ये, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं. साधं सनस्क्रीन अतिनील किरणं अडवतं, दिसणारा उजेड फारसा अडवत नाही, तो आयर्न ऑक्साइड अडवतं. वावरात जाताना वरून जाड दुपट्टा. आणि मेडिकलमधून ती स्टेरॉइडची ट्यूब आणणं बंद. 2018 पासून या मलमांना डॉक्टरची चिठ्ठी लागते, तरी आपल्याकडे मागितली की मिळते. आठ दिवस चेहरा चकाचक, मग कातडी पातळ, लाल, आणि वांग परत. यवतमाळच्या वसंतराव नाईक मेडिकल कॉलेजला किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात त्वचेच्या डॉक्टरला दाखवा. एसटीचं तिकीट आणि एक दिवसाची मजुरी जाईल, पण ती मुखवट्याच्या पहिल्या हप्त्यापेक्षा कमीच असेल.

मी पार्लरमध्ये मशीन ठेवणार का, हे विचारणाऱ्यांना: सध्या नाही. आणि मुखवटा घेऊ का म्हणून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणाऱ्यांनी डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा. समोरच्या बाजूच्या बाईला आता मी ओळखते.