कलम ३० (अ) कुठे आहे?

व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरणारा एक मजकूर थोडक्यात असा: कलम ३० मुळे मदरशात कुराण शिकवता येतं, पण ३० (अ) मुळे शाळेत गीता शिकवायला बंदी आहे; पटेलांनी विरोध केला होता, ते गेल्यावर नेहरूंनी हे कलम घुसवलं.

आधी ते ३० (अ). संविधानाची मराठी प्रत उघडा. अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देणारं ते कलम ३०; त्याखाली (१), (१क) आणि (२) एवढंच सापडेल. ‘अ’शी जुळणारं काही असेलच तर ते (१क), आणि त्यात आहे जमीनजुमल्याचा विषय. अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थेची मालमत्ता सरकारने सक्तीने घेतली, तर संस्था चालवण्याचा त्यांचा हक्कच संपेल इतकी तुटपुंजी भरपाई देऊ नये, असं ते सांगतं. गीतेचं नाव नाही, कुराणाचंही नाही. हे पोटकलम आलं १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने, मोरारजी देसाईंच्या काळात. त्याच दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला, म्हणून ही सोय करावी लागली. नेहरूंना जाऊन तेव्हा १४ वर्षं झाली होती.

पटेलांची गोष्ट तर तारखांपुढेच टिकत नाही. संविधान लागू झालं २६ जानेवारी १९५० ला, कलम ३० सकट. पटेल गेले त्याच वर्षीच्या १५ डिसेंबरला. शिवाय मूलभूत हक्क आणि अल्पसंख्याकांविषयीच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष खुद्द पटेलच होते.

शाळेतल्या धर्मशिक्षणाचं खरं कलम २८, आणि त्याचा या मजकुरात पत्ताच नाही. संपूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही, कुठल्याच धर्माचं. (सरकार चालवत असलेल्या, पण देणगी किंवा न्यासातून उभ्या राहिलेल्या काही संस्थांना अपवाद आहे.) मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत ते देता येतं, पण सक्ती करता येत नाही, मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. आसामने सरकारी खर्चाचे मदरसे बंद करून त्यांच्या साध्या शाळा केल्या, तेव्हा कलम ३० त्यांच्या मदतीला आलं नाही. २०२२ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला, तोही कलम २८ च्या आधारावर.

बरं, गीतेला बंदी असती तर उज्जैनचं महर्षी सांदीपनि राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठान केंद्र सरकारच्या पैशातून वेदपाठशाळांना अनुदान कसं देतं? २०२२ मध्ये गुजरात सरकारने सहावी ते बारावीच्या अभ्यासक्रमात गीता आणायची घोषणा कशी केली? धर्मांविषयी माहिती देणं म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने अरुणा रॉय खटल्यात २००२ मध्येच सांगितलंय.

‘कलम ३० फक्त मुसलमानांसाठी’ हाही एक गैरसमज. त्यात ‘धर्म किंवा भाषा’ असे शब्द आहेत. मुंबईत अकरावीच्या प्रवेशाला सिंधी, गुजराती, हिंदी भाषिकांच्या कोट्यातून फॉर्म भरणारी हजारो हिंदू घरं याच कलमाचा लाभ घेतात. बेळगावात मराठी शाळा काढणाऱ्यांना आधार याच कलमाचा. पंजाबात हिंदू संख्येने कमी, म्हणून तिथल्या आर्यसमाजी डी.ए.व्ही. कॉलेजांनाही १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच संरक्षण दिलं.

तक्रार करण्यासारखं काहीच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. गरीब मुलांसाठी २५ टक्के जागा राखण्याचं आरटीईचं (शिक्षणहक्क कायद्याचं) बंधन अल्पसंख्याक शाळांना नाही, असा निकाल २०१४ मध्ये लागला, आणि तो मला पटत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी त्यावर शंका घेऊन मोठ्या पीठासाठी प्रश्न सरन्यायाधीशांकडे पाठवला. भांडायचं तर इथे भांडा. पण त्याच आरटीई कायद्यातून मदरशांबरोबर वैदिक पाठशाळांनाही सूट आहे, आणि ती एकाच वाक्यात दिलेली आहे.