मथळ्यांनी जिंकलेली युद्धं

३० सप्टेंबर १९३८. हिटलरबरोबरचा म्युनिकचा करार नुकताच झाला होता. लंडनच्या ‘डेली एक्सप्रेस’ने पहिल्या पानावर वाचकांना शब्दच देऊन टाकला: युरोपातल्या युद्धात ब्रिटन यंदा पडणार नाही, आणि पुढच्या वर्षीही नाही. पुढच्या वर्षी ३ सप्टेंबरला ब्रिटन युद्धात होतं. मी लंडनमध्ये राहतो. इथे हा किस्सा निघाला की आजही हशा पिकतो.

असे मथळे जगभर सापडतात. जून १९४२मध्ये जपानी माणसाला सरकारने सांगितलं की मिडवेच्या लढाईत आपलं एक विमानवाहू जहाज बुडालं आणि एकाचं बरंच नुकसान झालं. बुडाली होती चार. १७ डिसेंबर १९७१च्या पाकिस्तानी ‘डॉन’ या दैनिकाचा मथळा होता ‘विजय मिळेपर्यंत युद्ध’. आदल्याच दिवशी ढाक्यात जनरल नियाझींनी शरणागतीवर सही केली होती आणि सुमारे ९३ हजार जण आपल्या ताब्यात आले होते. कराचीतल्या वाचकाने तो अंक चहाबरोबर वाचला असेल, या विचाराने मला आजही हसू येतं.

दुसऱ्याच्या पेपराला हसणं सोपं असतं. गेल्या वर्षी, ८ मे २०२५च्या रात्री, पाकिस्तानशी संघर्ष पेटलेला असताना आपल्या वाहिन्यांनी काय केलं तेही त्याच पंगतीत बसवायला हवं.

इथे संध्याकाळ होती, मुंबईत मध्यरात्र उलटली होती. गिरगावातून मामीचा फोन आला. “अरे, कराची बंदर उडवलं आपण! टीव्हीवर दाखवतायत.” फोनमधून सायरन ऐकू येत होता. मामीने १९७१चा ब्लॅकआउट पाहिलाय, काचांना काळे कागद चिकटवलेत, त्यामुळे ती दिवे मालवायला उठलीसुद्धा होती. सायरन वाजत होता तो स्टुडिओत. कार्यक्रमात हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवू नका, खऱ्या भोंग्याकडे लोक दुर्लक्ष करतील, असं सरकारलाच १० मेला वाहिन्यांना बजावावं लागलं. तोवर काही वाहिन्यांनी कराची उद्ध्वस्त केली होती, इस्लामाबाद घेतलं होतं, पाकिस्तानच्या लष्करप्रमुखाला अटकही करवली होती. सकाळी यातलं काहीच खरं निघालं नाही. एखाद्या वाहिनीने दिलगिरी व्यक्त केली, बाकीच्या पुढच्या बातमीला लागल्या.

मी घरच्या ग्रुपवर याबद्दल लिहिलं, तर मुलुंडच्या आतेभावाने सुनावलं: “युद्ध चालू असताना असलं लिहू नये. तू तिकडे सुखरूप बसलायस. शत्रूला धाक बसावा म्हणून थोडं वाढवून सांगितलं तर बिघडलं कुठे?” अंधार मामीच्या घरात करायचा होता, माझ्या नाही. तेवढं त्याचं खरं आहे. पण शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं.

इथेही तेच झालं होतं. फॉकलंडच्या युद्धात ४ मे १९८२ला ‘द सन’ने अर्जेंटिनाची युद्धनौका ‘बेलग्रानो’ बुडाल्याची बातमी एका शब्दाच्या मथळ्यावर छापली: ‘गॉचा’, म्हणजे ‘सापडलास!’ त्या जहाजावरची ३२३ माणसं गेली. जीवितहानीची बातमी आली तसा पुढच्या आवृत्त्यांत मथळा बदलला. त्याच आठवड्यात बीबीसीचा पीटर स्नो ‘आपलं सैन्य’ न म्हणता ‘ब्रिटिश’ म्हणतो, म्हणून ‘सन’ने अग्रलेखात त्याला देशद्रोह्यांच्या रांगेत बसवलं. अर्जेंटिनाने १४ जूनला शरणागती पत्करली. स्नोच्या शांत बोलण्याने तो विजय एक दिवसही लांबला, असं दाखवणारं मला इथे कोणी भेटलेलं नाही.

आणि शत्रूचं म्हणाल, तर त्याचं उत्तर मुंबईकडेच आहे. १४ एप्रिल १९४४ला दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकाइन’ जहाजाचा स्फोट झाला. जहाजावर सुमारे १४०० टन स्फोटकं होती, कापसाच्या गासड्या होत्या, सोन्याच्या विटा होत्या. अर्ध्या तासात दुसरा, त्याहून मोठा स्फोट. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, एकूण शेकडो माणसं मेली. सिमल्याच्या भूकंपमापकावर हादऱ्याची नोंद झाली. जपान्यांनी बॉम्ब टाकले अशी आवई शहरात उठली, आणि बातमी मात्र सेन्सॉरने अडवली. बातमीदारांना सविस्तर वृत्त पाठवायची मुभा मे महिन्यात मिळाली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने ते दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं होतं! शत्रूला सगळं ठाऊक होतं. अंधारात राहिला तो मांडवीतला, मशीद बंदरातला माणूस, ज्याचं घर जळालं.

कराचीचंही तेच. आपलं बंदर शाबूत आहे हे कराचीकरांना खिडकीतून दिसत होतं. फसली ती माझी मामी. शिवाय कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह रोज मोजक्या शब्दांत माहिती देत होत्या. गणवेशातली माणसं इतकी संयमाने बोलत असताना स्टुडिओतल्यांनी त्यांच्या शब्दाची किंमत घालवली, याचा मला राग आहे. इथल्या ऑफिसात मी आपल्या लष्कराने दिलेली माहिती सांगायला लागलो, की समोरचा विचारायचा, “हे त्याच वाहिन्यांवरचं का?” पाकिस्तानच्या संरक्षणमंत्र्याने भारताची विमानं पाडल्याचा पुरावा म्हणून सीएनएनवर समाजमाध्यमांकडे बोट दाखवलं, तेव्हा मनसोक्त हसायची संधी होती. आपल्या वाहिन्यांनी तीही घालवली.

पाश्चात्य पेपरांना मी आदर्श मानत नाही. इराककडे महासंहारक शस्त्रं असल्याच्या बातम्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर छापल्या, आणि त्यांतल्या त्रुटींची कबुली २६ मे २००४ला दिली, ती आतल्या पानावर. तरी ती कागदावर आहे, कुणालाही काढून दाखवता येते. आपल्याकडचे जुने अंकही दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात, एशियाटिकमध्ये आहेत. युद्धकाळातले अंक काढून पोरांना दाखवा, खूप हसतील आणि बरंच शिकतील. पण ८ मेच्या रात्रीचं प्रक्षेपण कुठल्या ग्रंथालयात मागायचं? वाहिन्यांनी ते पुसू नये, लोकांना पाहायला खुलं ठेवावं, असा नियमच हवा. आणि चूक सुधारायची तर ती कराची पाडली त्याच वेळेला, त्याच निवेदकाच्या तोंडून, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. आतेभावाला मी हेच लिहिलंय. त्याला अजून पटलेलं नाही, आणि मी सोडणार नाही.