डिस्चार्ज प्रोसेस चार्ज

बाबांचं पित्ताशय निघालं, बाबा ठणठणीत आहेत, तो विषय संपला. माझं दुखणं बिलाच्या तिसऱ्या पानावर आहे: ‘डिस्चार्ज प्रोसेस चार्ज, 650 रुपये’. सोडण्याचे पैसे! दिले नसते तर काय, ठेवून घेणार होते?

हे वेगळे लावायचेच नसतात. कुठले खर्च खोलीभाड्यातच धरायचे याची विमा नियामक आयआरडीएआयची छापील यादी आहे. त्यात डिस्चार्जची प्रक्रिया आहे, व्हिजिटर पास आहे, कंगवासुद्धा आहे. तरी हॉस्पिटल लावतं, विमा कंपनी यादीवर बोट ठेवून नाकारते, आणि मग दोघंही माझ्याकडे बघतात.

डॉक्टरांनी सकाळीच ‘घरी जा’ म्हटलं होतं. 2024च्या नियमानुसार कंपनीनं अंतिम मंजुरी 3 तासांत द्यायची. उशिरामुळे बिल वाढलं तर तो भुर्दंड भागधारकांच्या पैशातून. पण घड्याळ सुरू होतं हॉस्पिटलची विनंती कंपनीला पोचल्यावर. आणि उरलेली औषधं फार्मसीत परत जाऊन त्यांची वजावट लागेपर्यंत ती विनंती जागची हलत नाही. त्या अवधीत कॅशलेस डेस्कसमोरच्या एका काकांना मी सापडलो.

“पेशंट कोण?”

“बाबा. पित्ताशय.”

“कंपनी?” मी सांगितली. काकांचा चेहरा उजळला. “अरे वा! म्हणजे आमचेच पैसे!”

मला कळेना. काका सरसावून बसले. “बावीस वर्षं भरतोय मी तिथे. एक क्लेम नाही. तापाची गोळीसुद्धा पदरची. मग माझे पैसे गेले कुठे? तुमच्या बाबांच्या पोटात!” त्यानंतर ते ऑपरेशनची चौकशी मालकाच्या हक्कानं करू लागले. खडे किती? दोन. “दोनच?” ते खट्टू झाले. “दोन खड्यांना दुर्बीण?” मग खडे दाखवा म्हणाले. बाटली पिशवीतच होती. काकांनी ती ट्यूबलाइटखाली धरली, हलवली, चष्मा कपाळावर ढकलून पुन्हा पाहिली. “फिनिशिंग चांगलं आहे,” असं म्हणून नाइलाजानं परत दिली.

“काका, विमा असाच चालतो. सगळे भरतात, ज्याच्यावर वेळ येते त्याला मिळतं.”

“मान्य. पण मी आजारी पडलो नाही त्याचं काय? बोनस दिला म्हणे. बोनस म्हणजे पैसे नव्हेत हो, कव्हर वाढवलं. बक्षीस हवं असेल तर आणखी मोठं आजारपण काढा!”

सप्टेंबर 2025पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी गेला, याची मी आठवण करून दिली. “गेला ना. तो माझ्या वयानं खाल्ला!” ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आता कंपनीला आधी नियामकाला विचारावं लागतं. पण दहा-दहा टक्क्यांनीही सात वर्षांत जवळजवळ दुप्पट होतो, हे काकांनी पावतीच्या पाठीवर करून दाखवलं. त्यांचा मुलगा मेलबर्नला आहे. तिथे म्हणे वय आणि आजार बघून दर चढवता येत नाही. खरं आहे. मात्र तिशीनंतर उशिरा शिरणाऱ्याला हॉस्पिटल कव्हरवर दर वर्षामागे 2 टक्के जादा लागतात, नाहीतर सगळे साठीलाच उगवतील. हे काकांना आवडलं नाही.

तेवढ्यात मंजुरी आली. पॉलिसी 5 लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा 1 टक्का, म्हणजे दिवसाला 5,000. आमची खोली 8,000ची, कारण दोन खाटांची शिल्लकच नव्हती.

“आठ हजारांची खोली?” काका उभेच राहिले. “माझ्या पैशावर?”

नाही काका. मर्यादा ओलांडली की कात्री फक्त भाड्याच्या जादा 3,000वर चालत नाही. पाच भागिले आठ, म्हणजे साडेबासष्ट टक्के, हे प्रमाण सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग सगळ्याला लागतं. 96,000चे 60,000 झाले. सर्जन तेच, टेबल तेच, पोटाला भोकं चारच. पण पेशंट रात्री कुठल्या खाटेवर झोपणार त्यावर भुलीच्या डॉक्टरांची फी ठरते. आणि या दरपत्रकाबद्दल कंपनी हॉस्पिटलला जाब विचारत नाही, दंड आम्हाला करते. ही कसली वाटणी?

औषधं आणि तपासण्यांचे 40,000 होते. त्यांनाही कात्री लावून 25,000 केले होते, आणि हे सरळसरळ चूक आहे. औषधं, कन्झ्युमेबल्स (म्हणजे वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचं भाडं यांना हे प्रमाण लावता येत नाही. 2020पासून तसा नियम आहे. खोलीनुसार दरच बदलत नसतील तर ही कपात मुळातच करता येत नाही. डेस्कवरच्या मुलीला सांगितलं, तर म्हणाली, “सर, सिस्टीम करते.”

काकांना एवढंच कळलं की कापलेले पैसे माझे आहेत. “मग ठीक आहे,” म्हणून ते निवांत बसले.

कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलंय. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. कार्यालय पुण्यातही आहे, फी नाही. सोबत तपशीलवार बिल जोडायचंय. खिशात ठेवून आमच्याकडची प्रत पार चुरगळली, म्हणून हॉस्पिटलकडे दुसरी मागितली. मिळेल म्हणाले. डुप्लिकेट बिल चार्ज 200 रुपये.