कीबोर्ड वाजलाच पाहिजे

परवा भाचा दुकानात आला आणि माझा कीबोर्ड बघून म्हणतोय, मामा ह्यो भंगारात घाल की आता. त्याच्याकडं लाईटवाला आहे, रेड स्विचचा (स्विच म्हणजे बटणाखालचा खटका), बटण दाबलं की लोण्यात बोट घातल्यागत सुळकन आत, आवाज नाही काही नाही. गेमला भारी असंल बाबा, मला नाही जमत.

मी टाईपरायटरवर हात बसवलेला माणूस, मग डीटीपीत आलो, कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागं गाळ्यात बसून लग्नपत्रिका आणि मंडळांचे अहवाल करण्यात आयुष्य चाललंय. माझा कीबोर्ड टीव्हीएस गोल्ड, त्यात चेरी कंपनीचे ब्लू स्विच, म्हणजे वाजणारे. बटण ४ मिलिमीटर खाली जातं पण साधारण निम्म्यातच टिक्क होतं, अक्षर पडलं, बोट उचला. रबरवाल्या कीबोर्डला पार तळाला दाबल्याशिवाय अक्षर उमटलं का नाही ते कळतच नाही, मग माणूस आपटत बसतो आणि संध्याकाळी बोटांचं पार भजं. लॅपटॉपचं तर नावच नको, फरशीवर टाईप केल्यासारखं वाटतंय.

रेमिंग्टनची, म्हणजे टाईपरायटरच्या अक्षरमांडणीची, सवय मोडून इनस्क्रिप्ट या कॉम्प्युटरच्या मराठी मांडणीवर यायला मला दोन महिने लागले, शिव्या घातल्या, पण आता परत जायचं नाव नाही. स्वर आणि पाय मोडायचं बटण डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्याला. 'कोल्हापूर' टाईप करून बघा. क उजवा, ओकार डावा, ल उजवा, पाय मोडायचा डावा, ह उजवा, काना डावा, प उजवा, ऊकार डावा, र उजवा. नऊ बटणं आणि एकदाही एक हात लागोपाठ दोनदा पडत नाही! ब्लू स्विचवर हे हलगीसारखं वाजतं राव, नाद खुळा. (बायको म्हणते रात्री घरी वाजवू नकोस, ते बरोबर आहे तिचं.)

माऊस मात्र साधा, हलका, वायरचा. गोळीवाल्या माऊसची चकती फिरवून आतल्या रोलरवरचा मळ नखानं खरवडलेली आमची पिढी, लाल लाईटवाला आला तेव्हाच आमचं सुख पूर्ण झालं. मधी हौसेनं वायरलेस घेतलेला, गणपतीच्या आदल्या रात्री पावणेदोनला अहवालाचं शेवटचं पान लावताना सेल मेला, सगळी दुकानं बंद, शेवटी भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून घातला. दुसऱ्या दिवशी माऊस ड्रॉवरमध्ये गेला, घड्याळ अजून पावणेदोनच दाखवतंय.

बरं, कुणाकडं बंद पडलेला गोल्ड असंल तर त्याचा स्पेसबार पाहिजे, माझा किरकिरायला लागलाय.